सहावा मुद्दा साप

सोमवार, १ सप्टेंबर

दर दोन वर्षांनी येणारं हे बाळंतपण यंदाही माझ्याच पदरात पडलं. सात देशांच्या आमच्या संघानं पुढची दोन वर्षं 'मोठ्या घरा'बरोबर कशाकशावर काम करायचं, त्या अग्रक्रमांचा मसुदा मी लिहायचा. मोठं घर म्हणजे ती जागतिक संस्था, जिच्यात जगातले झाडून सगळे देश आहेत. तिचं पूर्ण नाव घेता घेता दम लागतो, म्हणून आमच्या सचिवालयात शिपायापासून महासचिवांपर्यंत सगळे तिला मोठं घरच म्हणतात. आमच्यातल्या एकेकट्या देशानं तिथे दार ठोठावलं तर कुत्रं विचारत नाही. सातजण मिळून दोन पानं घेऊन गेलो तर निदान बसायला खुर्ची मिळते. दोन पानांत आठ मुद्दे मावतात. जे त्या पानांत नाही, त्यासाठी मोठं घर दोन वर्षं तज्ज्ञ देत नाही आणि पैसाही देत नाही.

सात मुद्दे जुनेच आहेत, नवे कपडे घालून. सहावा मात्र मी आज सकाळी एका दमात लिहिला. या भागातल्या सापांच्या विषावर चालेल असं औषध बनवणं, आणि सीमेवरच्या दवाखान्यांत दोन्हीकडच्या देशांनी मिळून त्याचा साठा ठेवणं.

कारण उघड आहे. जूनमध्ये बाबांना साप चावला. गावाकडे, घरामागच्या भोपळ्याच्या वेलात हात घातला आणि डंख बसला. आमच्या बाजूच्या दवाखान्यात औषध नव्हतं. जे होतं ते लांबच्या देशातलं, तिकडच्या सापांसाठी बनवलेलं. नदीवरच्या पुलापलीकडे, शेजारच्या देशातल्या दवाखान्यात, योग्य औषधाच्या कुप्या होत्या. पण औषध सीमा ओलांडून आणायला परवानगी नाही. बाबांनी तीस वर्षं त्याच पुलावर रखवालदारी केलेली. पलीकडची नर्स त्यांना ओळखत होती. जेवणाच्या डब्यात कुप्या घालून ती सरळ पुलावरून चालत आली. म्हणून बाबा आहेत. डाव्या हाताची दोन बोटं तेवढी वाकत नाहीत.

ओळख नसती तर? हा प्रश्न माझ्या डोक्यातून जात नाही. प्रत्येकाचा बाप पुलाचा रखवालदार नसतो.

बाबांना जुलैमध्येच इथे घेऊन आले. मी विचारलं होतं, "बाबा, आता आमच्याकडेच राहायचं, चालेल ना?" ते म्हणाले, "माझी काही हरकत नाही." झालं. ठराव एकमतानं मंजूर. आता घरात आम्ही तिघं, मी, लेक आणि बाबा. छान रमलेत. सकाळी उठून जिन्यातल्या सगळ्या शेजाऱ्यांच्या कुंड्यांना पाणी घालतात. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी काल सांगितलं की त्यांची दोन झाडं पाण्यानं कुजली. मी नवीन झाडं आणून देते म्हटलं.

गुरुवार, ४ सप्टेंबर

पहिली बैठक. अपेक्षा होती तसंच झालं, किंबहुना जरा जास्तच.

यंदा अध्यक्षपद ज्यांच्या देशाकडे आहे, त्या राजदूतांना आम्ही खाजगीत इस्त्रीसाहेब म्हणतो. शर्टावर सुरकुती नाही, बोलण्यात सुरकुती नाही, आणि दुसऱ्यानं लिहिलेल्या वाक्यात तर बिलकूल नाही. पाचव्या मुद्द्यापर्यंत सगळं सुरळीत गेलं. सहाव्यावर ते थांबले, चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला.

"साप?" ते म्हणाले.

घोड्याच्या नालासारख्या त्या टेबलाभोवती हशा पिकला. डिजिटल मुद्दा ज्यांचा लाडका आहे त्या बाई म्हणाल्या, "साप साप म्हणून भुई धोपटण्यातला प्रकार नको व्हायला." त्यांच्या शेजारच्यानं पुंगी वाजवल्यासारखे हात केले. इस्त्रीसाहेब हसले नाहीत, हे त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते. ते म्हणाले, "मी हसण्यावारी नेत नाही. पण मोठ्या घरात आपल्याला आधीच कोण विचारतं? तिथे बाकीचे अवकाशाबद्दल बोलणार आणि आपण सापाबद्दल. ते आपल्याला सापवाले म्हणायला लागतील. मला ते नकोय."

मला पुष्कळ बोलायचं होतं. पण सचिवालयाच्या मायक्रोफोनला बटणच नसतं. अध्यक्ष उघडतील तेव्हाच तो उघडतो. मी तशीच बसून राहिले, तोंडात गुळणी धरल्यासारखी.

शेवटी डुलकीकाका जागे झाले. हे सर्वांत छोट्या देशाचे प्रतिनिधी. अकरा वर्षं याच खुर्चीत आहेत आणि त्यातली बरीचशी डोळे मिटून काढलीत. त्यांनी एक डोळा उघडला आणि विचारलं, "कोणता साप?" पुन्हा हशा. मग मात्र इस्त्रीसाहेबांना माझा मायक्रोफोन उघडावा लागला. मी चार जाती सांगितल्या, कोणत्या कोणत्या देशांत सापडतात तेही सांगितलं. सातही देशांत सापडतात. "हं," असं म्हणून डुलकीकाकांनी डोळा मिटला. बिचारे. त्यांना वाटलं असेल खोलीतच साप निघाला.

मंगळवार, ९ सप्टेंबर

इस्त्री सुरू झाली आहे. शुक्रवारी 'साप' गेला आणि 'विषारी प्राण्यांपासूनचे धोके' आले. काल 'उपेक्षित आरोग्यविषयक आव्हाने' झालं. आज सकाळच्या प्रतीत सहावा मुद्दाच नाही. आरोग्याच्या तिसऱ्या मुद्द्याच्या शेवटी 'इत्यादी' असा एक शब्द आहे, त्यात तो समाविष्ट आहे म्हणे.

मी तडक त्यांच्या खोलीत गेले. ते शांतपणे म्हणाले, "मॅडम, काढलं नाही, सामावून घेतलं."

"साहेब, 'इत्यादी'साठी औषध कोण बनवणार?"

"तुमची तळमळ मला कळते," ते म्हणाले. हे वाक्य ज्यानं शोधलं त्याचं भलं होवो. ते ऐकलं की समजायचं, काम झालं नाही.

दुभाषीबाई कॅंटीनमध्ये भेटली. तिकडे काचेच्या खोलीत बसून ती सगळ्यांची भाषणं भाषांतरित करते, त्यामुळे कोण काय बोललं यापेक्षा कुणी काय गिळलं ते तिला जास्त माहीत. तिला सांगितलं तर म्हणाली, "अगं, वीस वर्षं बघतेय. या इमारतीत 'इत्यादी'त जेवढी माणसं मेलीत, तेवढी लढाईतही मेली नसतील."

हसले मी. पण घरी येताना बसमध्ये रडू आलं. बाबांची दोन बोटं डोळ्यांपुढून हलेनात. मी हे सगळं बाबांसाठी करतेय की सगळ्यांसाठी? खरं सांगायचं तर बाबांसाठी. सगळ्यांसाठी केलं असतं तर गेल्या वेळच्या मसुद्यातच हा मुद्दा असता. तेव्हाही लोकांना साप चावतच होते. पण म्हणून मुद्दा खोटा ठरत नाही, आणि मी तो सोडणार नाही.

शुक्रवार, १२ सप्टेंबर

मसुदा मौनमुदतीवर गेला. पुढच्या शुक्रवारी दुपारी बारापर्यंत.

ही आमच्या संघाची खास पद्धत. पक्का मसुदा सातही देशांना पाठवायचा. मुदतीत सगळे गप्प राहिले तर तो मंजूर. मतदान नाही, भाषणं नाही, नुसतं गप्प बसून इतिहास घडवायचा. एक जरी देश बोलला तरी मौन मोडलं, बैठक बोलवावी लागते आणि सगळा मसुदा पुन्हा उघडतो. म्हणून मौन मोडणं हे आमच्याकडे भर पंगतीत पान लाथाडण्याइतकं वाईट मानतात. गेल्या कित्येक वर्षांत कुणी मोडलेलं नाही.

आणि सचिवालयाला मौन मोडता येत नाही, कारण सचिवालय देश नाही. महासचिवांकडे गेले. बाबांची गोष्ट आधीच सांगून टाकली, मागाहून कुणी बोट दाखवायला नको. ते भले गृहस्थ आहेत. म्हणाले, "तुमचं पटतं. पण बाई, सचिवालयाला हात असतात, जीभ नसते. कुणी विचारलं तर उत्तर द्यायला तुम्ही मोकळ्या आहात. आपण होऊन नाही."

ठीक आहे. मग कुणीतरी विचारेल अशी व्यवस्था करते. सातही देशांचा नकाशा मोठा छापून घेतला, सीमेवरचे दवाखाने त्यावर लाल ठिपक्यांनी दाखवले आणि सोमवारी तो काखेत घालून इमारतीत फिरणार आहे. काखेत एवढं भेंडोळं दिसल्यावर 'हे काय' असं न विचारणारा माणूस अजून जन्माला यायचाय.

घरी लेकीला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, आपल्या घरातही तुझी मौनमुदतच चालते की."

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही. आजोबांना विचारलंस का कधी, इथे कसं वाटतं?"

"विचारलं होतं. हरकत नाही म्हणाले."

ती तिच्या खोलीत निघून गेली. या वयात सगळ्या पोरींना आई म्हणजे हुकूमशहा वाटते.

सोमवार, १५ सप्टेंबर

नकाशानं काम केलं. चार जणांनी विचारलं, चौघांना सांगितलं. पाय दुखतायत.

डिजिटलवाल्या बाई नकाशावर बराच वेळ वाकून होत्या. एका लाल ठिपक्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "हे माझं आजोळ." मी म्हटलं, "मग?" तर म्हणाल्या, "तुमचं सगळं खरं आहे हो. पण मौन मोडलं तर माझाही मुद्दा पुन्हा उघडतो. तो मी केवढ्या मुश्किलीनं बसवलाय." दुसऱ्यांनी राजधानीला विचारून सांगतो म्हटलं, म्हणजे सांगणार नाहीत. पुंगीवाले म्हणाले, "दुसरं कुणी मोडलं तर मी नक्की पाठिंबा देईन." चौथ्यांनीही शब्दशः हेच सांगितलं. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायला सगळे तयार आहेत, फक्त मांजर दुसऱ्यानं धरायचं.

शेवटी डुलकीकाकांच्या खोलीपाशी आले. त्यांच्याकडे जाणार नव्हते, पण दार उघडं होतं आणि ते चक्क जागे होते. त्यांनी चहा दिला, बाबांची चौकशी केली. बाबांचं त्यांना कुठून कळलं कोण जाणे. या इमारतीत भिंतींना कान नाहीत, कॅंटीन आहे. "बोटं वाकतात का आता?" त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. त्यांनी स्वतःच्या हाताची बोटं उघडून मिटून पाहिली.

"आमच्या देशात मिळून एकच मोठं इस्पितळ," ते म्हणाले. "शेवटच्या गावाहून तिथे पोचायला दिवस मोडतो. मधल्या वाटेवर एक पिंपळ आहे, तिथपर्यंत माणूस टिकला तर वाचतो असं लोक म्हणतात."

"मग साहेब, तुम्हीच का नाही मौन मोडत?"

ते हसले. "मला माझ्या सरकारचा एकच हुकूम आहे. कशालाही हरकत घ्यायची नाही. आमचा देश एवढासा. सगळ्यांशी गोड राहायचं. अकरा वर्षं पाळतोय." मग म्हणाले, "तो मौनाचा नियम नेमका काय हो? मी कधी नीट वाचलाच नाही."

अकरा वर्षं खुर्ची अडवून बसलेल्या माणसाला नियम माहीत नसावा, याचा मला रागच आला. तरी शांतपणे समजावून सांगितलं. पूर्वी एकदा कुणीतरी असं गुळमुळीत पत्र पाठवलं होतं की ती हरकत होती की कौतुक, यावर महिनाभर वाद चालला. तेव्हापासून पक्कं ठरलंय की मुदतीत सदस्यदेशाकडून काहीही आलं, तरी मौन मोडलं असं धरायचं.

"काहीही?"

"काहीही."

"म्हणजे नुसतं 'बरं' म्हटलं तरी?"

"नुसतं 'बरं' म्हटलं तरी."

"फार कडक नियम," ते म्हणाले आणि डोळे मिटून खुर्चीत मागे रेलले. मी नकाशा गुंडाळला आणि निघाले. अर्धा तास वाया गेला. चहा मात्र चांगला होता.

गुरुवार, १८ सप्टेंबर

उद्या बाराला संपतं. कुणी हललेलं नाही.

मला हरायचा राग नाही, 'इत्यादी'चा आहे. समोरासमोर नाही म्हणाले असते तर दोन वर्षांनी पुन्हा भांडले असते. पण हे म्हणतायत, आहे की, सामावून घेतलंय. म्हणजे दोन वर्षांनी पुन्हा म्हणतील, गेल्या वेळी होतं की. तरी उद्या मसुदा मंजूर झाला की परवा पुढच्या मसुद्याची फाईल उघडायची, असं ठरवून टाकलंय. दोन वर्षं तर दोन वर्षं. दगडावरची रेघ.

घरी तरी शांतता आहे. बाबांचा मुळीच त्रास नाही. इतके समजूतदार आहेत की असून नसल्यासारखे. जेवण कमी झालंय, पण वयानं होतं तसं. हल्ली रोज सकाळी बूट चकचकीत पुसतात आणि दारापाशी ठेवतात, तोंड बाहेरच्या दिशेनं. फिरायला जात नाहीत. संध्याकाळी पुन्हा कपाटात ठेवतात. पुलावरच्या नोकरीची शिस्त, दुसरं काय.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

काय लिहू आणि कसं लिहू.

बाराला थोडा अवकाश होता. महासचिवांच्या खोलीत सगळे जमलो होतो, मंजुरीचा चहा मांडलेला होता. इस्त्रीसाहेब घड्याळाकडे बघत होते आणि मी खिडकीबाहेर. तेवढ्यात सगळ्यांच्या फोनवर एकदम संदेश आला. डुलकीकाकांचा, सातही देशांना.

'आमच्या देशाची या मसुद्याला काहीही हरकत नाही. सर्वांनी घेतलेल्या मेहनतीबद्दल मनःपूर्वक आभार.'

एवढंच.

क्षणभर कुणाच्या काही लक्षात आलं नाही. मग महासचिवांनी कप खाली ठेवला. "मौन मोडलं," ते म्हणाले.

"अहो, ते हरकत नाही म्हणतायत," इस्त्रीसाहेब म्हणाले. आज पहिल्यांदा त्यांच्या आवाजाला सुरकुती पडली.

"काहीही आलं तरी मोडतं, साहेब. नियम तुमच्याच देशानं मांडला होता."

धावतच डुलकीकाकांकडे गेले. ते निवांत बसले होते. मी म्हटलं, "साहेब, सोमवारी एवढं समजावून सांगितलं होतं तुम्हाला." ते म्हणाले, "हो का? अरेरे. म्हटलं अकरा वर्षांत कुणाचे आभार मानले नाहीत, एकदा मानावेत. आता सरकारला काय सांगू? पण हरकत तर मी घेतली नाही ना? तेवढं तुम्ही लेखी देऊ शकाल?" मी दिलं. खरंच आहे, त्यांनी हरकत घेतलेली नाही. इतका विसराळू माणूस देशाचा प्रतिनिधी कसा होतो, देव जाणे. पण देव पावला हे खरं, तेही झोपेत.

दुभाषीबाईला सांगितलं तर ती नुसती हसत सुटली. काय हसतेस म्हणून विचारलं तर म्हणाली, "काही नाही गं. माझी काही हरकत नाही."

सोमवारी बैठक. नकाशा पुन्हा इस्त्री करून ठेवलाय, अगदी साहेबांसारखा.

सोमवार, २२ सप्टेंबर

मौन मोडणाऱ्यानं पहिलं बोलायचं असतं. डुलकीकाकांनी आधी सगळ्यांची माफी मागितली. वय झालं, चूक झाली म्हणाले. मग म्हणाले, "आता तुम्ही सगळे माझ्यामुळे आलाच आहात, तर एक विचारतो. हरकत नाही, शंका आहे. पहिल्या दिवशी एक साप होता. तो कुठे गेला? मी 'इत्यादी'त शोधला, मला सापडला नाही. सचिवालयानं सांगावं."

सचिवालयानं सांगावं म्हटल्यावर इस्त्रीसाहेबांना बटण दाबणं भाग होतं. माझ्यासमोर लाल दिवा लागला.

आधीच सांगितलं, की जूनमध्ये माझ्या वडिलांना साप चावला, म्हणून माझं बोलणं तुम्ही चार हात लांबून ऐका. पण ऐका. मग पूल सांगितला, नर्स सांगितली, डबा सांगितला. तिनं नियम पाळला असता तर मी आज इथे बापाविना बसले असते, असंही सांगितलं.

इस्त्रीसाहेब म्हणाले, "मॅडम, सहानुभूती आहे. पण हे थोडं वैयक्तिक होतंय."

"वैयक्तिकच आहे, साहेब," मी म्हटलं. "साप चावतो तो एकेकट्यालाच चावतो. तो कधी सात देशांच्या संघाला चावत नाही. म्हणून तर तो आपल्या कागदावर येत नाही."

खोलीत कुणी हसलं नाही. मग डिजिटलवाल्या बाईंनी आपलं बटण दाबलं. आजोळी त्यांच्या मामाची मुलगी अशीच गेली. दोघी एकाच वयाच्या, नऊ वर्षांच्या. घरात पुढे कुणी तिचं नावच काढलं नाही, म्हणाल्या. मग पुंगीवाले बोलले. मग राजधानीला विचारणारे, राजधानीला न विचारताच. सगळ्यांकडे एक एक साप होता, एवढे दिवस टोपलीत झाकून ठेवलेला. काचेच्या खोलीत दुभाषीबाई बोलता बोलता डोळे पुसत होती, पण तिचा आवाज कानातल्या यंत्रात अगदी सरळ येत होता.

सहावा मुद्दा परत आला. 'साप' या शब्दासकट. इस्त्रीसाहेबांनी शेवटी एवढंच सुचवलं की वाक्य एका ओळीत बसवावं. बसवलं. मान्य करते, त्यांची ओळ माझ्यापेक्षा चांगली झाली. बाहेर पडताना ते म्हणाले, "म्हणू देत सापवाले." आणि टायची गाठ जरा सैल केली.

आज माझ्यापेक्षा आनंदी बाई या शहरात नसेल.

बुधवार, २४ सप्टेंबर

जेवताना बाबांना सगळी कथा रंगवून सांगितली. काकांचा संदेश आला तिथे बाबा मोठ्यानं हसले. जुलैपासून मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं, हे आजच लक्षात आलं. हसून झाल्यावर म्हणाले, "हरकत घ्यायची सोय नसेल गं बिचाऱ्याला. मग माणूस काय करणार? हरकत नाही असं म्हणतो आणि कुणी ऐकतंय का बघतो."

मी म्हटलं, "बाबा, तुम्हाला कुणाचीही दया येते. ते साधे विसराळू आहेत."

"असतील," बाबा म्हणाले आणि ताटाकडे बघत बसले. अर्धं जेवण तसंच होतं.

लेक माझ्याकडे बघत होती. मी भांडी घासायला उठले. घासता घासता हात थांबला. जुलैमध्ये बाबा गप्प राहिले नव्हते. ते बोलले होते. माझी काही हरकत नाही, असं म्हणाले होते. आमच्या सात देशांच्या संघात एवढ्यावर बैठक बोलावतात. मी सामानाची गाडी बोलावली होती.

ओल्या हातानंच परत येऊन बसले. म्हटलं, "बाबा, मौन मोडलंय असं धरून मी बैठक बोलावतेय. पहिलं तुम्ही बोला."

त्यांनी ताट बाजूला सारलं. मग म्हणाले, "इथे सगळं चांगलं आहे. तू चांगली आहेस, पोरगी तर सोन्यासारखी आहे. पण इथे मला काही काम नाही. दुसऱ्यांची झाडं मारतोय पाणी घालून. पूल दिसत नाही. मला घरी जायचंय."

"औषध अजून आलेलं नाही, बाबा. कागदावर आलंय फक्त. कुप्या यायला दोन वर्षं लागतील, कदाचित जास्त."

"बूट आहेत. काठी आहे. वेलात आता आधी काठी घालीन, मग हात."

"आणि पुन्हा चावला तर?"

"तर ती डबा घेऊन येईल. नाही आली तर नाही आली. पण तोपर्यंत मी माझ्या घरात असेन."

मी नाही म्हटलं. दोनदा, तीनदा म्हटलं. जरा आवाजही चढला. लेक हळूच म्हणाली, "आई, आता तू इस्त्रीसाहेब झालीस."

खूप रडले, त्यांच्यासमोरच. त्यांनी त्या न वाकणाऱ्या बोटांनी माझ्या डोक्यावरून हात फिरवला. मग मी म्हटलं, रविवारी सोडते.

रविवार, २८ सप्टेंबर

बाबांना घरी सोडलं. मसुदा परवा मोठ्या घराकडे रवाना झाला, आणि आज बाबा. दोन्हींचं पुढे काय होईल ते माझ्या हातात नाही.

वाटेत पलीकडच्या नर्सला भेटायला पूल ओलांडला. ती म्हणाली, कुप्या दोनच उरल्यात. मी तिला सहावा मुद्दा वाचून दाखवला. तिनं तो दोनदा वाचायला लावला आणि मग म्हणाली, "डबा तोवर धुऊन ठेवते."

घरामागे भोपळ्याचा वेल पार माजलाय, वाट गिळून बसलाय. फाटकाशी बाबांनी बुटांचे बंद आवळले, काठी हातात घेतली आणि वळून मला विचारलं, "तुझी काही हरकत नाही ना?"

"आहे," मी म्हटलं. "पुष्कळ आहे."

"मग बरं," ते म्हणाले आणि काठीनं पानं बडवत आत शिरले. त्यांनी जिथे जिथे पाऊल टाकलं, तिथेच पाऊल टाकत मी मागून गेले.